कॅमेरा हलतोय? गिंबल विकत घेण्याआधी हलतंय काय, ते ओळखा

पीथमपूर (जि. धार) : १४ एप्रिलला महूला भीमजन्मभूमीकडे जाणारी गर्दी, रंगपंचमीला इंदूरची गेर, अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या, देवासच्या टेकडीची चढण आणि लग्नसराईतल्या वराती. माळव्यात कॅमेरा एका जागी उभा करून टिपता येईल, असं फार थोडं घडतं. बहुतेक वेळा कॅमेरा धरणाऱ्यालाही सोबत चालावं लागतं. पंढरीच्या वाटेवरची दिंडी असो, बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो की गोव्यातला शिगमो, सगळीकडे हीच गत.

मग व्हिडिओ हलतो. घरी टीव्हीवर लावला की बघणाऱ्याचं डोकं गरगरतं. दुकानात गेलं की एकच सल्ला मिळतो, ‘गिंबल घ्या.’ काही हजार रुपये जातात. चालताना थोडा फरक पडतो, पण तोच गिंबल मोटारसायकलवर लावला की चित्र पुन्हा थरथरतं, आणि गर्दीत धक्के बसायला लागले की मोटरच बंद पडते. माल खराब निघाला असं वाटतं. खरं तर माल बहुतेक वेळा ठीक असतो. ज्या रोगावर औषध घेतलं तो रोगच वेगळा असतो.

कॅमेऱ्याचं हलणं एकाच प्रकारचं नसतं. ते तीन प्रकारचं असतं, आणि प्रत्येकावर उपाय निराळा आहे. एवढं आधी समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात. कधी कधी तर काहीच विकत घ्यावं लागत नाही.

तीन प्रकारचं हलणं

पहिला प्रकार म्हणजे वळणं. हात थोडा डावीकडे-उजवीकडे फिरतो, कॅमेऱ्याचं तोंड वर-खाली होतं, किंवा चित्र एका बाजूला कलतं. कॅमेरा जागच्या जागीच असतो, पण त्याची नजर भटकते.

दुसरा प्रकार म्हणजे उचकणं. माणूस साध्या चालीत सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाबरोबर त्याचं शरीर काही सेंटिमीटर वर-खाली होतं. हातातला कॅमेराही तसाच खाली-वर जातो. इथे नजर भटकत नाही, कॅमेऱ्याची जागाच बदलते.

तिसरा प्रकार म्हणजे थरथर. इंजिन, खडबडीत रस्ता, डीजेचा स्पीकर ठेवलेल्या गाडीचा पत्रा यातून येणारी बारीक आणि जलद कंपनं. चार-स्ट्रोक, एक सिलिंडरची मोटारसायकल मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर नुसती उभी असली तरी तिचा क्रँक सेकंदाला २५ वेळा फिरतो. ४,००० फेऱ्यांवर हाच आकडा ६६ वर जातो.

यातलं कोणतं हलणं किती नडतं, हे साध्या हिशेबात कळतं. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने फुल एचडी व्हिडिओ घेताना कॅमेरा एक अंश वळला, तर चित्र अंदाजे २५ पिक्सेल सरकतं. समोरची वस्तू जवळ असो वा लांब, सरकणं तेवढंच. कॅमेरा ४ सेंटिमीटर वर उचकला, तर मात्र एक मीटरवरचा चेहरा जवळजवळ ५५ पिक्सेल हलतो आणि २० मीटरवरचा रथ जेमतेम तीन पिक्सेल.

म्हणजे लांबची मिरवणूक घेताना वळणं हाच खरा शत्रू असतो, उचकणं फारसं दिसतही नाही. नवरदेवाच्या दोन हात पुढे उलटं चालत शूटिंग करताना मात्र उचकणं चांगलंच दिसतं. झूम केलं की वळणं त्याच पटीत वाढतं. तीनपट झूमवर एका अंशाचे २५ पिक्सेल ७५ होतात.

पीथमपूरला ओळखीचं गणित

हा प्रश्न या गावाला नवा नाही. किनेटिक होंडाची स्कूटर इथे बनायची, आयशरचे ट्रक आणि फोर्स मोटर्सच्या गाड्या इथे बनतात. पुण्याच्या वाहन उद्योगाशी इथलं नातं जुनं आहे. नॅट्रॅक्स ही वाहन चाचणी संस्थाही इथलीच. तिचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २९ जून २०२१ रोजी खुला झाला. त्याच आवारात मुद्दाम वाईट बनवलेल्या पृष्ठभागांवर गाड्या पळवून त्यांची सोसण्याची ताकद तपासली जाते. गाडीच्या सस्पेन्शनचं जे गणित, तेच कॅमेऱ्याचं.

स्प्रिंग असो वा रबर, प्रत्येकाचा स्वतःचा एक ठेका असतो. वजन ठेवल्यावर ती जितकी जास्त दबते, तितका तिचा ठेका संथ. दोन मिलिमीटर दबणाऱ्या रबराचा ठेका सेकंदाला ११ च्या आसपास. एक सेंटिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगचा पाच. २५ सेंटिमीटर दबणारीचा एक. नियम असा की, आपल्या ठेक्याच्या साधारण दीडपटीहून जलद येणारे हादरेच स्प्रिंग अडवते. त्याहून संथ हादरे ती जसेच्या तसे पुढे पाठवते, आणि ठेका जुळला तर उलट वाढवते.

यावरून दोन गोष्टी निघतात. बाजारात रबराचे गोळे लावलेले जे छोटे डॅम्पर मिळतात, ते इंजिनची थरथर अडवू शकतात, कारण ती सेकंदाला २५, ५०, ६६ अशी जलद असते. पण सेकंदाला दोन पावलांचं उचकणं त्यांच्याने थांबत नाही. त्यासाठी स्प्रिंग किमान १२-१३ सेंटिमीटर दबायला हवी, आणि एवढी दबणारी स्प्रिंग मुठीत मावत नाही. म्हणूनच पावलांचं उचकणं थांबवणारी साधनं अंगावर बांधावी लागतात.

स्टेडीकॅम : दांडा, वजन आणि स्प्रिंगचा हात

हे कोडं आधी सोडवलं ते गॅरेट ब्राउन या अमेरिकी कॅमेरामनने, १९७० च्या दशकात. त्याच्या स्टेडीकॅमचा वापर पहिल्यांदा ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या १९७६ च्या चित्रपटात झाला. त्याच वर्षीच्या ‘रॉकी’त आणि पुढे १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये तो जगाला दिसला. १९७८ मध्ये या शोधाला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

त्यात बॅटरी लागते ती फक्त कॅमेऱ्याला आणि स्क्रीनला. स्थिर करायला मोटर नाही. एका दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा आणि खालच्या टोकाला स्क्रीन व बॅटरी. वजन असं दोन टोकांना पसरलं की दांडा सहज वळत नाही, जसा डोंबारी हातात लांब काठी धरून दोरीवर तोल सांभाळतो. दांडा गुरुत्वमध्याच्या जरासा वर, फिरत्या कडीत धरलेला असतो. त्यामुळे हात वळला तरी दांडा वळत नाही. वळणाचा बंदोबस्त झाला. उचकणं अडवतो तो स्प्रिंगचा जोडहात, जो छातीवर बांधलेल्या जाकिटाला जोडलेला असतो. पावलं पडत राहतात, हात खाली-वर होतो आणि कॅमेरा तरंगत राहतो.

अडचण अशी की हे सगळं वजनदार आहे, शिकायला महिने लागतात आणि गर्दीत वागवणं कठीण. बाजारात स्वस्तातला हाताचा स्टॅबिलायझर मिळतो. त्यात फक्त दांडा आणि वजनं असतात, स्प्रिंगचा हात नसतो. तो वळण कमी करतो, पण वाऱ्यात डोलतो आणि दहा मिनिटांत मनगट दुखवतो.

गिंबल काय करतो, काय करत नाही

मोटरचा गिंबल या व्यवसायात रुळला तो २०१३ नंतर. फ्रीफ्लाय कंपनीने ‘मोवी’ बाजारात आणला, पुढच्या वर्षी डीजेआयचा ‘रोनिन’ आला, आणि मग मोबाइलसाठी लहान गिंबल आले. आतला सेन्सर कॅमेरा किती वळला ते क्षणोक्षणी मोजतो आणि तीन मोटरी तितकंच उलट वळवतात. डावं-उजवं, वर-खाली तोंड आणि बाजूला कलणं, हे तीन अक्ष.

इथे नीट बघावं. तिन्ही अक्ष वळण्याचे आहेत. साध्या हातातल्या गिंबलमध्ये उचकणं रोखणारा चौथा अक्ष नसतो. म्हणून गिंबल लावूनही चालताना चित्र सावकाश खाली-वर डोलतं. ते पायांनी कमी करावं लागतं. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल टाच टेकवून मग बोटांवर, कोपर अंगापासून थोडं मोकळं, आणि दोन्ही हातांनी पकड. गुडघे आणि कोपरं हीच इथली स्प्रिंग. आठवडाभर सकाळी गल्लीत वीस मिनिटं सराव केला तर फरक दिसतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

थरथरीवरही गिंबल हा उपाय नाही. मोटरी वळण सुधारतात, पण इंजिनच्या बारीक कंपनांचा पाठलाग त्यांना नीट जमत नाही. त्यात आजचे बहुतेक कॅमेरे चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतात. वाचता वाचता कॅमेरा थरथरला की खांब वाकडे आणि चित्र जेलीसारखं लिबलिबीत दिसतं. ते नंतर संगणकावरही नीट दुरुस्त होत नाही. थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याआधीच अडवावी लागते.

मोबाइलच्या आतली सोय

बऱ्याच फोनमध्ये लेन्स किंवा सेन्सर हलवून चित्र स्थिर करणारी यंत्रणा असते, तिला ओआयएस म्हणतात. दुसरी ईआयएस, म्हणजे चित्राच्या कडा कापून उरलेला भाग सरकवत स्थिर करणारी. ॲक्शन कॅमेऱ्यात हीच युक्ती जोरात चालते. गोप्रोने २०१८ च्या हीरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ आणलं, तेव्हापासून दिवसाउजेडी चालताना-धावतानाच्या शूटिंगला बाहेरच्या गिंबलची गरज बरीच कमी झाली.

रात्री मात्र ही सोय फसते. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात कॅमेरा हलला की ती फ्रेमच पुसट होते. सॉफ्टवेअर पुसट फ्रेम सरकवून जागेवर आणतं, पण पुसटपणा तसाच राहतो. त्यामुळे चित्र स्थिर असूनही दर काही क्षणांनी फुगल्या-धूसरल्यासारखं दिसतं. झांक्यांच्या आणि वरातींच्या रात्रीच्या व्हिडिओत हा दोष हमखास आढळतो. तिथे गिंबलचा खरा उपयोग आहे, कारण तो फ्रेम पुसट होण्याआधीच कॅमेरा वळू देत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगण्यासारखी. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की साध्या विजेच्या दिव्यांचं लुकलुकणं बहुतांशी जातं. फोनवर ३० फ्रेम आधीपासून लावलेली असते, ती बदलून घ्यावी.

गाडीवर कॅमेरा : आधी जिवाचं, मग चित्राचं

सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या ग्राहकांना सावध केलं. मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन थेट बसवला तर इंजिनच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली ओआयएस आणि ऑटोफोकसची यंत्रणा बिघडू शकते. स्कूटर आणि मोपेडची कंपनं तुलनेने कमी असतात, तरी तिथेही डॅम्परचा माउंट वापरावा आणि फार वेळ लावून ठेवू नये, असं कंपनीचं म्हणणं आहे. ज्या फोनमध्ये अशी हलती लेन्स आहे, त्या सगळ्यांनाच हे लागू पडतं. लेन्स एकदा बिघडली की फोन टेबलावर ठेवूनही चित्र थरथरतं.

गाडीवर लहान ॲक्शन कॅमेरा, रबराचा डॅम्पर आणि चेसिसला घट्ट पकडणारा क्लॅम्प, एवढं पुरतं. लांब सेल्फी स्टिक किंवा उंच दांडा लावू नये, दांडा जितका लांब तितकी थरथर मोठी. चारचाकीत काचेला चिकटणारा सक्शन कप लावताना काच पुसून कोरडी करावी आणि कॅमेरा गाडीबाहेर असेल तर दुसरी दोरी बांधावी. माळव्याच्या उन्हात सक्शन कप सुटतो आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर पडतो.

गाडी चालवताना हातात मोबाइल धरून शूटिंग करणं हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली हातातलं फोनसारखं उपकरण वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे सीमा ओलांडून महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलं तरी सुटका नाही. शूटिंग करायचंच असेल तर चालवणारा एक आणि कॅमेरा धरणारा दुसरा हवा. मागे बसणाऱ्यानेही उलटं तोंड करून बसू नये.

कामाप्रमाणे निवड

- मिरवणूक, दिंडी, सभा, लांबून : मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड. वळणं आणि उचकणं दोन्ही कमी होतं, गर्दीत जागा कमी लागते, बॅटरी नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन.
- वरात, जवळून, चालत : तीन अक्षांचा गिंबल आणि रुंद लेन्स. जवळ जाऊन रुंद लेन्सने घेतलेलं चित्र लांबून झूम केलेल्या चित्रापेक्षा कमी हलतं.
- गेर, पाणी, गुलाल : गिंबल घरी ठेवावा. मोटरीत रंग गेला की दुरुस्ती नव्या मालाच्या भावात जाते. पाणी सोसणारा ॲक्शन कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर बांधावा.
- टेकडी, पायऱ्या, लांब चाल : ॲक्शन कॅमेरा किंवा मोबाइल गिंबल. मोठ्या कॅमेऱ्याचा गिंबल अर्ध्या तासात खांदा मोडतो.
- मांडूसारखी स्मारकं : पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते. गिंबल नेण्याआधीही तिकीट खिडकीवर विचारून घ्यावं.
- बातमीसाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ : काहीच नको. फोन दोन्ही हातांत, कोपरं बरगड्यांना टेकलेली, पाय जागेवर. चालायचं असेल तर आधी दहा सेकंद थांबून घ्यावं, मग चालावं.

घ्यायचा की भाड्याने आणायचा?

समजा मिररलेस कॅमेऱ्याचा गिंबल ३०,००० रुपयांना आला. तीन वर्षांनी तो १०,००० ला विकला जाईल असं धरलं तर झीज २०,००० रुपयांची. दिवसाचं भाडं १,००० रुपये असेल तर तीन वर्षांत २० दिवसांपेक्षा जास्त वापर असेल तेव्हाच खरेदी परवडते. वर्षाला सात मुहूर्त पुरे. हातात वर्षाला तीन-चारच कामं असतील तर भाडंच बरं. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या गावचा भाव टाकून हाच हिशेब करावा.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी बिल आपल्या नंबरावर घ्यावं, म्हणजे भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं. नोंदणी नसेल तर तो कर खर्चातच धरावा लागतो. पक्कं बिल मात्र दोघांनीही घ्यावं, वॉरंटीसाठी तेच दाखवावं लागतं.

दुकानात काय तपासावं

स्वतःचा कॅमेरा, नेहमीची लेन्स, माइक, पिंजरा असेल तर तोही, सगळं जोडून काट्यावर वजन करावं. फोन असेल तर कव्हरसकट. मोबाइल गिंबलची झेप बहुधा ३०० ग्रॅमच्या आत असते. उदाहरणार्थ, डीजेआयचा ओएम ६ हा १७० ते २९० ग्रॅमच्या फोनसाठी आहे. मोठा फोन, जाड कव्हर आणि वरून लेन्स लावली की हद्द ओलांडते. मोठ्या गिंबलच्या बाबतीत छापलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशापर्यंतच वजन ठेवलेलं बरं.

मग गिंबल बंद ठेवून तोल साधावा. नीट तोल साधला असेल तर कॅमेरा कुठेही वळवून सोडला तरी तिथेच थांबतो. झुकत असेल तर चालू केल्यावर मोटरी सतत भार ओढतात, गरम होतात, बॅटरी लवकर उतरते आणि भर वरातीत यंत्र बंद पडतं. बऱ्याच तक्रारी इथेच सुरू होतात.

शेवटी, पैसे देण्याआधी घरीच एक चाचणी करावी. आहे त्याच फोनने वीस-वीस सेकंदांचे तीन व्हिडिओ घ्यावेत. पहिला जागेवर उभं राहून, दुसरा चालताना, तिसरा गाडीत मागे बसून. ते मोठ्या स्क्रीनवर पाहावेत. पहिलाच हलत असेल तर पकड सुधारावी किंवा मोनोपॉड घ्यावा. दुसरा हलत असेल तर चित्र भटकतंय की खाली-वर उचकतंय ते बघावं. भटकत असेल तर गिंबल, उचकत असेल तर आधी चालण्याचा सराव. फक्त तिसराच बिघडला असेल तर शंभर-दोनशे रुपयांचं रबर आधी लावून पाहावं.

पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घरचं लग्न एकदाच होतं. त्यामुळे नवं साधन थेट मुहूर्ताच्या दिवशी बाहेर काढू नये, निदान दोन आठवडे आधी ते हाताशी असावं.